पावडरसाठी रुंद स्की घेताय? आधी बूट, मग वजन, मग कंबर

डिसेंबर सरत आला की मैत्रिणींचे आणि त्यांच्या मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. कोणी पुण्याहून गुलमर्गला निघालेली असते, कोणी सिअॅटलला किंवा डेन्व्हरला राहत असते. प्रश्न मात्र एकच: "१०८ घेऊ की ११२?" हा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं न शोधता चौथ्यावर उडी मारली की महागडी स्की घरात येते आणि गुडघाभर ताज्या बर्फात टोक बुडवून थांबते. मग दोष बर्फाला जातो, नाहीतर स्वतःच्या पायांना.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच वापरा. मधला एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. विशेषतः बुटांचा.

एक खुलासा आधीच करते. इथे 'खोल बर्फ' म्हणजे मशीनने न दाबलेला, निदान पोटरीपर्यंत पाय आत जाईल असा ताजा बर्फ, म्हणजेच पावडर. 'कंबर' म्हणजे स्कीचा बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग. दुकानात त्याला वेस्ट म्हणतात. तिची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात; वरचे १०८ आणि ११२ हे तिचेच आकडे.

तयारी: कागदावर चार गोष्टी लिहून घ्या

उंची, सामानासकट वजन, बुटाच्या तळव्याची लांबी आणि या मोसमात प्रत्यक्ष किती दिवस खोल बर्फात जाणार. दुकानात जाण्यापूर्वी या चारही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.

यातलं वजन जवळजवळ सगळ्याच चुकीचं सांगतात, कारण सकाळी अनवाणी वजनकाट्यावर दिसलेला आकडा त्या सांगतात. बर्फात मात्र तुम्ही तशा जात नाही. जॅकेट, पँट, हेल्मेट आणि बूट घाला. पाठीवर फावडं, प्रोब (बर्फाखाली गाडलेल्याला चाचपायची लांब काठी), पाणी, खाणं आणि जास्तीचा थर भरलेली सॅक घ्या आणि मग काट्यावर उभ्या राहा. साधारण दहा किलोंची भर पडते. स्कीला हेच वजन पेलायचं असतं.

उंचीचा उपयोग पुढे लांबी ठरवताना होईल, पण तेवढ्यापुरताच.

टप्पा १: बूट पक्के करा

रुंद स्की कडेवर वळवायला अरुंद स्कीपेक्षा जास्त जोर लागतो. बुटाच्या मध्यापासून कड लांब असते, त्यामुळे पाय आणि स्की यांच्यात जराही ढिलाई असेल तर पाय वळतो आणि स्की मागे राहते. सैल बूट घालून ११० कंबरेची स्की चालवणं म्हणजे दोन मापं मोठी चप्पल घालून डोंगर उतरण्यासारखं आहे.

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. पाऊल २३.५ सेंमी असेल तर बूटही २३.५. मापाची खात्री अशी करा: बुटाच्या आतला मऊ अस्तरबूट बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. आता टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहायला हवी. त्यात तीन बोटं सहज जात असतील तर बूट मोठा आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

आपल्याकडच्या पुष्कळ जणींचा पंजा रुंद असतो. अरुंद बूट टोचतो म्हणून त्या एक नंबर वाढवतात आणि नेमकी तिथेच टाच उचलायला लागते. नंबर वाढवू नका. त्याच नंबरात रुंद साच्याचा बूट मागा. साच्याची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. ९७-९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम आणि १०२ च्या पुढे रुंद.

तपासा: बूट आवळून पुढे झुका. टाच वर उचलली जाते का? पोटरीवरचा पट्टा पोटरीच्या फुगीर भागात रुततो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच पुढे चला. टाचेजवळ कवचावर मिलिमीटरमध्ये छापलेला आकडा (२७५ वगैरे) लिहून घ्या, कारण बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा सांधा, बसवताना बुटाचा नंबर उपयोगी पडत नाही, हा आकडा लागतो.

टप्पा २: स्वतःची पातळी खरी सांगा

दाबलेल्या, मध्यम उताराच्या बर्फावर दोन्ही स्की समांतर ठेवून सलग वळणं घेता येतात का? उतारावर आडवं उभं राहून नियंत्रणात खाली सरकता येतं का? नसेल, तर यंदा पावडर स्की विकत घेऊ नका. रुंद स्की चूक झाकते, कौशल्य शिकवत नाही. गुलमर्गला प्रशिक्षक मिळतात, शिवाय तिथे १९६८ पासून स्कीइंग आणि गिर्यारोहणाची सरकारी संस्था आहे. आठवडाभराच्या शिकवणीवर खर्च केलेले पैसे नव्या स्कीवरच्या पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

टप्पा ३: कुठला बर्फ, किती दिवस

बर्फाचं वजन जागेनुसार बदलतं. अमेरिकेतल्या यूटाच्या डोंगरांवर ताज्या बर्फात पाण्याचा अंश साधारण आठ-नऊ टक्के असतो. तो हलका असतो, फुंकर मारली तर उडतो. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड रांगेत समुद्रावरून येणारा बर्फ ओला आणि जड असतो, इतका की तिथले लोक त्याला काँक्रीट म्हणतात. जपानमधल्या होक्काइदोचा बर्फ हलका आणि वरचेवर पडणारा असतो. 'पावडर' हे नाव एकच असलं तरी स्की वेगवेगळी लागते.

गुलमर्गबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यातल्या बहुतेक जणी तिथेच जातात. पहिल्या टप्प्याची गोंडोला, म्हणजे केबल कार, साधारण २,६५० मीटरवरून कोंगडोरीला नेते. दुसऱ्या टप्प्याची अफरवटच्या कड्याजवळ, साधारण ३,९५० मीटरवर सोडते. बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो. एक-दोन दिवस सतत पडतो आणि मग काही दिवस आकाश मोकळं राहतं. मोठ्या बर्फवृष्टीनंतर वरचा टप्पा बंद असतो. हिमकड्यांवर स्फोट करून उतार सुरक्षित केल्यावर तो उघडतो, आणि गोंडोलाखालच्या मोठ्या खोऱ्यातली कोरी पावडर काही तासांतच रेघोट्यांनी भरून जाते.

त्यामुळे गुलमर्गच्या एकाच दिवसात चार प्रकारचे बर्फ पायाखाली येतात. वर कड्याजवळ वाऱ्याने दाबलेला आणि पापुद्रा धरलेला, खोऱ्यात मऊ आणि खोल, दुपारपर्यंत तिथेच चिरफाळलेला आणि ढेकळांचा, शेवटी झाडांमधून खाली येताना पायवाटेसारखा कडक. फक्त दुसऱ्या बर्फाचा विचार करून १२० कंबरेची स्की घेतली तर उरलेल्या तिन्ही बर्फांवर गुडघे दुखतात. कडक बर्फावर रुंद स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून लांब पडते आणि प्रत्येक वळणाला तो ताण गुडघ्यावर येतो.

माझा हिशेब असा आहे. गुलमर्गला एकच जोडी न्यायची असेल तर बहुतेक जणींसाठी १०० ते ११०. फक्त होक्काइदोला किंवा फक्त बर्फवृष्टीच्या दिवसांसाठी दुसरी जोडी घ्यायची असेल तर ११० ते ११६. कोलोराडोत राहून मोसमात पंचवीस दिवस जाणार, पण त्यातले खरोखर खोल बर्फाचे पाच-सहाच असतील, तर १००-१०४ पुरे. कॅस्केडच्या जड बर्फात रुंदीपेक्षा पुढचा भाग किती ताठ आहे ते आधी बघा.

टप्पा ४: आता कंबर

स्कीवर १३८-११०-१२८ असे तीन आकडे असतात: टोकाजवळची रुंदी, कंबर आणि शेपटीजवळची रुंदी. मॉडेलच्या नावातला आकडा बहुधा कंबरेचा असतो, पण नेहमीच नाही. लाइनच्या पँडोरा ११० मध्ये तो सरळ ११० मिलिमीटर आहे. ब्लिझार्डच्या शीवा ११ ची कंबर मात्र ११२ आहे. शिवाय अनेक मॉडेलांत लांबी कमी झाली की कंबरही दोन-चार मिलिमीटरने कमी होते. म्हणून तुमच्या लांबीचे आकडे बघा, मधल्या लांबीचे नकोत.

आता वजनाचा कागद काढा. स्की तरंगते ती तिच्या एकूण पृष्ठभागावर. नुसती कंबर तिला तरंगवत नाही. ढोबळ हिशेब करून पाहू. सामानासकट ६५ किलो वजन आहे आणि पायात १५५ सेंमी लांबीची, सरासरी ९ सेंमी रुंदीची भाड्याची जुनी स्की आहे. दोन्ही स्की मिळून पृष्ठभाग सुमारे ०.२८ चौरस मीटर होतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २३० किलोंचा भार. त्याऐवजी १६४ सेंमी लांब आणि सरासरी १२ सेंमी रुंद स्की घेतली तर पृष्ठभाग ०.३९ होतो आणि भार १६५ किलोंवर येतो. फरक पहिल्या वळणालाच जाणवतो.

हाच हिशेब उलटा लावला की सर्वांत नेहमीची चूक सापडते. सामानासकट ६० किलो वजन असलेल्या मुलीला १०२ कंबरेच्या, १६४ सेंमीच्या स्कीवर चौरस मीटरला साधारण १६२ किलोंचा भार पडतो. सामानासकट ९२ किलोंच्या पुरुषाला १८४ सेंमीच्या स्कीवर तेवढाच हलका भार हवा असेल, तर कंबर १४० च्या आसपास लागेल. तशी स्की दुकानात सहसा दिसतच नाही. म्हणून ११८ वर खूश असलेला नवरा, भाऊ किंवा ग्रुपमधला मित्र "तूही ११८ घे" म्हणतो तेव्हा तो मनापासून बोलत असतो, पण स्वतःच्या वजनाने बोलत असतो. हलक्या बाईला तेवढी रुंदी लागत नाही. ती घेतली तर स्की कडेवर आणायला जोर कमी पडतो आणि सगळा दिवस तिच्याशी झटापटीत जातो.

सामानासकट वजन ६० पर्यंत असेल तर १०० ते १०६ मध्ये शोधा. ६० ते ७५ ला १०४ ते ११०. त्याहून जास्त असेल तर १०८ ते ११४. टप्पा ३ मधली जागा आणि हे वजन यांचे आकडे जुळत नसतील तर अरुंद बाजू निवडा. पावडरमध्ये थोडं कमी तरंगलेलं चालतं, दमलेल्या पायांनी कडक उतारावर घसरलेलं चालत नाही.

टप्पा ५: बाजूने बघा

इथे पुष्कळ जणी घाई करतात. वरचं चित्र आणि रंग बघून स्की परत भिंतीला लावतात. पावडर स्कीचा स्वभाव बाजूने दिसतो.

दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि मध्ये, बाइंडिंगच्या जागी, हाताने दाबून एकत्र आणा. आता टोकाकडून दोन तळांमधल्या फटीत एक व्हिजिटिंग कार्ड घाला आणि खाली सरकवा. ते अडकतं तिथवर पुढचा रॉकर आहे, म्हणजे टोक बर्फावरून वर उचललेलं आहे. शेपटीकडून तसंच करा. खोल बर्फासाठी पुढचा रॉकर स्कीच्या लांबीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतका लांब असावा. मागचा त्याहून छोटा असावा. हात सैल केल्यावर मधल्या भागात फट दिसते तो कॅम्बर. त्याच्यामुळे कडक बर्फावर कड धरते.

पुढे रॉकर, मध्ये कॅम्बर, मागे थोडा रॉकर ही रचना सगळ्यात सुरक्षित निवड आहे. संपूर्ण केळीसारखी वाकलेली, मध्ये अजिबात कॅम्बर नसलेली स्की पहिली पावडर स्की म्हणून घेऊ नका. कोऱ्या बर्फात ती फार मजा देते, पण गुलमर्गच्या खालच्या झाडांमधल्या कडक वाटेवर पकड देत नाही.

टोकाचा आकारही बघा. सर्वांत रुंद भाग अगदी टोकाशी नसून थोडा मागे सरकलेला असेल आणि पुढे टोक निमुळतं होत असेल, तर चिरफाळलेल्या बर्फात स्की इकडेतिकडे ओढली जात नाही.

तपासा: कार्ड पुढून फक्त १०-१५ सेंटिमीटर आत गेलं तर कंबर ११० असली तरी ती खरी पावडर स्की नाही. ती दाबलेल्या बर्फाची रुंद स्की आहे.

टप्पा ६: लांबी

"हनुवटीपर्यंत यायला हवी" हा नियम कॅम्बरच्या, दाबलेल्या बर्फाच्या स्कीसाठी आहे. रॉकर असलेल्या स्कीचा टोकाकडचा बराच भाग कडक बर्फाला टेकतच नाही. कागदावर १६४ असलेली स्की पायाखाली १५० सारखी वागते. म्हणून पावडर स्की उंचीइतकी किंवा उंचीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर जास्त घ्या.

माझ्या मावसबहिणीची उंची १५५ आणि वजन ५२. तिला दुकानात १४८ सेंमीची स्की दिली, "तुम्ही लहान चणीच्या, ही हाताळायला सोपी" असं सांगून. कोंगडोरीच्या वर दुसऱ्याच वळणाला टोक बर्फाखाली गेलं, ती पुढे पडली आणि एक स्की सुटून नाहीशी झाली. आम्ही चौघी फावड्याने आणि काठ्यांनी चाचपडत पाऊण तास शोधत होतो. सापडली ती पडल्या जागेपासून हातभर वर, बर्फाखाली आडवी. पुढच्या वर्षी तिने १६२ ची स्की घेतली आणि टोक बुडायचं थांबलं.

दोन लांबींमध्ये अडकलात तर मोकळ्या उतारांवर जाणाऱ्या, वेग आवडणाऱ्या मुलीने मोठी घ्यावी. दाट झाडांमध्ये जाणारीने छोटी. बऱ्याच मॉडेलांची सर्वांत छोटी लांबी १५५ ते १६० च्या आसपास सुरू होते. आपल्यातल्या कित्येक जणी उंचीने त्याच पट्ट्यात किंवा त्याहून कमी आहेत, म्हणून निवड आपोआप मर्यादित होते. उंची १५० पेक्षा कमी असेल तर मोठ्या मुलांच्या मापांतल्या रुंद स्कीही बघा.

सावधान: भीती वाटते म्हणून लांबी कमी करू नका. खोल बर्फात छोटी स्कीच जास्त पाडते.

टप्पा ७: 'महिलांसाठी' ही चिठ्ठी आता वाचा

या शब्दाला सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नाही. काही ठिकाणी पुरुषांच्याच स्कीला वेगळा रंग आणि छोट्या लांबी असतात. काही ठिकाणी लाकडी गाभा हलका असतो आणि धातूचा पत्रा कमी किंवा काढून टाकलेला असतो. काही ठिकाणी बाइंडिंगची खूण थोडी पुढे सरकवलेली असते. तिन्हींत चूक काही नाही, पण तुमच्या हातात यातलं कोणतं आहे ते दुकानात विचारून घ्या.

एका स्कीचं वजन दीड ते दोन किलोंच्या दरम्यान असतं. चढून जाऊन उतरायचं असेल तर हलकी बरी. गोंडोलाने जाणार असाल तर फार हलकी घेऊ नका, कारण ढेकळांच्या बर्फात हलकी स्की प्रत्येक ढेकळाला उडते. १.७ ते १.९ किलो मला योग्य वाटतं. वजन ६५ च्या पुढे असेल, पाय ताकदवान असतील आणि वेगाने जात असाल, तर मुद्दाम मऊ केलेली महिलांची स्की तुम्हाला कमी पडेल. सर्वांसाठीच्या मॉडेलची छोटी लांबी बघा.

टप्पा ८: विकत घेण्यापूर्वी चालवून पाहा

शक्य तिथे भाड्याने घ्या. गुलमर्गच्या काही दुकानांत रुंद स्की मिळतात, पण छोट्या लांबीच्या मोजक्याच असतात. आधी फोन करून लांबी आणि कंबर दोन्ही सांगा, नाहीतर जे उरलंय ते घ्यावं लागतं.

भाड्याच्या स्कीवर पुढेमागे सरकणारं बाइंडिंग असतं. त्याचा फायदा घ्या. पहिली फेरी कारखान्याच्या खुणेवर करा, दुसरी त्याच उतारावर एक सेंटिमीटर मागे सरकवून. टोक बुडत असेल तर मागे सरकवल्यावर बरं वाटेल. वळण सुरू करायला जड जात असेल तर परत पुढे आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

मांड्या पेटल्यासारख्या झाल्या तर लगेच स्कीला दोष देऊ नका. पावडरमध्ये मागे झुकून बसायचं असतं हा गैरसमज अजून जिवंत आहे. रॉकरची स्की मधोमध उभं राहून चालवायची. नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली, दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं वजन. अशी उभी राहूनही टोक बुडत असेल, तेव्हाच कंबर, रॉकर किंवा लांबी कमी आहे असं म्हणा.

टप्पा ९: बाइंडिंग आणि ब्रेक

स्की अचूक निवडून बाइंडिंगमध्ये घोळ घालणाऱ्या जणी मी खूप पाहिल्यात.

पहिली गोष्ट, बुटाचा तळवा. जुने सपाट आल्पाइन तळवे, ग्रिपवॉक (चालायला सोपे, किंचित वक्र तळवे) आणि चढाईच्या बुटांचे तळवे यांची मानकं वेगळी आहेत: अनुक्रमे आयएसओ ५३५५, २३२२३ आणि ९५२३. बाइंडिंगवर यातलं कोणतं चालतं ते लिहिलेलं असतं. न जुळणारी जोडी कधी सुटत नाही, कधी नको तेव्हा सुटते.

दुसरी गोष्ट, ब्रेक. स्की सुटल्यावर बर्फात रुतून तिला थांबवणारे दोन दांडे म्हणजे ब्रेक. ते कंबरेपेक्षा थोडे रुंद असावेत, साधारण १० ते १५ मिलिमीटरपर्यंत. माझ्या पहिल्या १०६ कंबरेच्या जोडीला एका दुकानाने ८५ मिलिमीटरचे ब्रेक वाकवून बसवले होते. घरी सतरंजीवर ठेवून बूट घातला, काढला, तेव्हा उजव्या स्कीचा दांडा कडेवरच अडकून राहिला. धातूवर धातू घासल्याची चकचकीत रेघ दिसत होती. अफरवटवर ती स्की सुटली असती तर ब्रेक खाली आलाच नसता आणि स्की थेट खोऱ्यात गेली असती. मी ब्रेक बदलून घेतले. तेव्हापासून दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, बूट घालून-काढून बघते.

तिसरी गोष्ट, सुटण्याचा आकडा, म्हणजे डिन: किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडेल ते. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. तो तंत्रज्ञालाच लावू द्या. इथे वजन तक्त्याच्या पद्धतीनेच सांगा, म्हणजे अंगाचं. सॅक धरलेला टप्पा ४ चा आकडा इथे नको. बर्फात स्की हरवायची भीती वाटते म्हणून स्वतः स्क्रू फिरवून आकडा वाढवू नका, कारण मग पडल्यावर स्कीऐवजी गुडघा सुटतो.

चौथी गोष्ट, भोकं. धातूचा पत्रा असलेल्या स्कीला साधारणपणे ४.१ मिलिमीटरचं ड्रिल लागतं, नसलेल्याला ३.५ चं. ते बहुतेक स्कीवर छापलेलं असतं. कारखान्याच्या खुणेवरच बसवा. टप्पा ८ मध्ये मागची जागा नक्की आवडली असेल तरच एक सेंटिमीटर मागे. भोकं पडली की जागा बदलायला नवी भोकं पाडावी लागतात, आणि जुन्याच्या अगदी शेजारी पाडलेलं भोक स्क्रू धरत नाही.

तपासा: दोन्ही ब्रेक मोकळे खाली येतात का? दोन्ही बाजूंचे डिनचे आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळतात का? दुकानाची सही असलेला कागद घेतला का?

टप्पा १०: पहिल्या उतारापूर्वी

दोन मीटर लांबीची भडक नायलॉन फीत प्रत्येक बाइंडिंगला बांधा आणि उरलेली पँटच्या पायात खोचा. स्की सुटून बर्फाखाली गेली तर फीत वर दिसते. काळ्या-पांढऱ्या स्कीला गुलाबी किंवा केशरी फीत लावा. काठ्यांच्या छोट्या चकत्या काढून रुंद, पावडरच्या बसवा, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते.

रुंद स्की तुम्हाला अशा उतारांवर सहज नेते जिथे अरुंद स्कीने तुम्ही गेलाच नसता. हिमस्खलन होतं तेही याच उतारांवर. त्यामुळे स्कीच्या खर्चातच ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब आणि फावडं धरा. ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर अंगावर, जॅकेटच्या आत, चालू स्थितीत असावा. शोधताना मोबाइल त्याच्यापासून दूर ठेवा. विकत घेऊन भागत नाही. बर्फात सॅक पुरून ती शोधून काढायचा सराव निदान चार-पाच वेळा झालेला असावा. गुलमर्गला गस्ती पथकाची त्या दिवसाची सूचना वाचल्याशिवाय आणि स्थानिक गाइड घेतल्याशिवाय गोंडोलाच्या खोऱ्याबाहेर जाऊ नका.

सावधान: मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली, बर्फ पोकळ राहतो. तिथे डोक्यावर पडलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नाही. झाडांमध्ये जोडीने जा आणि जोडीदार नजरेत ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. स्कीच्या बॅगेचं वजन आणि लांबी विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. बूट हातातल्या सामानात घ्या. सामान हरवलं तर स्की भाड्याने मिळते, पायाला बसणारा बूट मिळत नाही. तंगमर्गच्या पुढे बर्फात साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते, तर टपावर स्की बांधायची सोय आहे का ते आधीच विचारा.

टप्पा ११: पहिल्या तीन दिवसांनंतर

नवीन बसवलेल्या बाइंडिंगचे स्क्रू एकदा बघा. तीन नंबरच्या पोझीड्राइव्ह पेचकसने हलकेच, जोर न लावता. फिरत असेल तर तंत्रज्ञाकडे न्या.

संध्याकाळी खोलीत आल्यावर कडा कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभरात गंज धरतो. स्की बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, लांब, थंड भिंतीला उभी ठेवा. बुटाचे अस्तर बाहेर काढून वाळवा, पण तेही बुखारीला टेकवून नाही. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने कवच बुखारीजवळ ठेवलं होतं. सकाळी त्याचा घोट्याजवळचा भाग इतका वाकडा झाला होता की खालचं बकल लागेना, आणि बाहेर रात्रभरात चाळीस सेंटिमीटर ताजा बर्फ पडलेला.